दुहेरी प्लाय, मधे भुसा

१

विहिरीत पाणी नव्हतं.

जळकोटकडच्या त्या मळ्यात सरकारी जीप पोचली तेव्हा विहिरीच्या तळाला नुसता चिखल, आणि बाजूच्या उसात मात्र घोटाघोटा पाणी. आदल्या आठवड्यात तलाठ्याने स्वतः वाकून पाहिलं होतं, चांगलं पुरुषभर पाणी होतं. दुष्काळात गावाला पाणी मिळावं म्हणून ती विहीर ताब्यात घ्यायची, असं लातूरच्या कचेरीत बंद खोलीत ठरलं. पण जीप निघायच्या आत मालकाने इंजिन लावून सगळं पाणी उसाला देऊन टाकलं. म्हणजे त्याला कुणीतरी आधीच कळवलं होतं. मग गावच्या बायका पडक्या बारवेत उतरल्या, नागुबाई नावाची म्हातारी ढासळलेल्या पायरीवरून खाली गेली आणि तिचं कंबरडं मोडलं. उदगीरच्या दवाखान्यात ती अजून पडून होती.

वैशाख लागल्यापासून हे असंच चाललं होतं. चैत्रात घेतलेल्या सगळ्या विहिरी भरलेल्या हाती लागल्या. वैशाखात एकही नाही.

चौकशीला नांदेडहून गुरुपादप्पा आले. पेन्शनीला टेकलेले नायब तहसीलदार. जन्म गेला लोकांच्या चुका शोधण्यात, त्यामुळे लोक त्यांना नमस्कार करायचे तो लांबूनच. गेल्या श्रावणात त्यांची बायको गेली, गंगम्मा. तेव्हापासून हा गृहस्थ नांदेडच्या घरात संध्याकाळी उगीचच स्टो पेटवून ठेवायचा. वर भांडं नाही, काही नाही, नुसता त्याचा भर्र आवाज. गंगम्मा फळ्यांच्या आडोशापलीकडे स्वयंपाक करायची तेव्हा तो आवाज असायचा, आणि यांनी इकडून काही विचारलं की ती म्हणायची, "स्टो चालू हाय, ऐकू येईना. थांबा जरा." आता स्टो होता, थांबा म्हणणारी नव्हती. शेजारी म्हणायचे, रॉकेलची नासाडी. म्हणोत बापडे.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. उस्मानाबादेतून नवा जिल्हा वेगळा काढला खरा, पण त्याच्या कचेऱ्यांना बसायला जागा कुठली? टंचाईची कचेरी एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात थाटली होती. वर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पत्रा, त्याखाली चुन्यात बुडवून ताणलेलं किंतानाचं छत, आणि छताला टेकणाऱ्या प्लायवूडच्या पार्टिशनांनी पाडलेल्या खोल्या. नकाशावर रेघ ओढून जिल्हा पाडला, तशाच ह्याही पाडल्या होत्या.

टंचाई अधिकारी बिडवे साहेबांना त्या पार्टिशनचा कोण अभिमान. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"दुहेरी प्लाय, मधे भुसा. नट काढले की अख्खी खोली ट्रकमधे घालून नव्या इमारतीत न्यायची. आणि आवाजाची तर मी परीक्षा घेतलीय. फाल्गुनात, ऊन तापायला लागलं तेव्हा, खोली पुरी झाली त्या दिवशीच. मी इथे खुर्चीत बसून ओरडलो आणि मिस्त्रीला बाहेर उभं केलं. त्याला एक शब्द कळला नाही."

गुरुपादप्पांनी मानेवरचा घाम पुसला. खिडकीतला कूलर मुका होता आणि त्याच्या वाळ्याच्या ताट्या वाळून कडकडीत झाल्या होत्या.

"माफ करा हं," बिडवे म्हणाले. "चैत्र सरला तेव्हाच कचेरीतले कूलर मी बंद करायला लावले. बाहेर बाया घागरीसाठी हमरीतुमरीवर येतात, आणि आपण ताट्यांवर बादल्या ओतायच्या? मनाला पटेना."

माणूस सरळ होता, यात शंका नाही. चहाबरोबर त्यांनी शेंगदाण्याची चिक्की पुढे केली. गुरुपादप्पांनी हात जोडले.

"नको. परवाच दाढ काढलीय, कडक काही चालत नाही." आणि पुढचं वाक्य का कुणास ठाऊक तोंडातून निघून गेलं. "घरी मंडळी होती तेव्हा दुधात भाकरी भिजवून द्यायची."

बोलले आणि ओशाळले. परक्या माणसापुढे ही कसली बडबड. बिडव्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि टेबलावरचा टाइप केलेला कागद पुढे सरकवला. स्टेनो वहिदाच्या निलंबनाचा हुकूम होता तो. सही तेवढी बाकी होती.

"दर सोमवारी मी विहिरी ठरवतो आणि दार लावून तिला हुकूम सांगतो. पाकीट सील होऊन माझ्या कपाटात जातं. जीप निघेपर्यंत ते दोघांनाच ठाऊक असतं. एक मी आणि एक ती. शनिवारी सही करणार आहे. तोवर तुम्हाला दुसरं कुणी सापडलं तर सांगा."

२

वहिदा पंचविशीची होती. उभीच राहिली. दोनदा सांगितल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकली.

"शपथ खाऊन काय उपेग, साहेब? सांगणाराबी शपथच खातो," ती म्हणाली. "मी हुकूम लिहिते, पाकीट चिकटवते, अन् विसरून जाते. तशी सवयच लावून घेतलीय."

"घरी कोण असतं?"

"नांदेडला अम्मी हाय. भावांना माझी नोकरी पहिल्यापासून पटत न्हाई. निलंबन झालं की येतील अन् म्हणतील, बघ, म्हणलो होतो. मग मला परत टाइपरायटर दिसणार न्हाई." तिने दाराकडे पाहिलं. "आताबी इथं कुणी माझ्यासंगं डबा खात न्हाई. साहेब दुपारी घरी गेले की मी त्यांच्याच खोलीत एकली खाते."

तिने रडून दाखवलं नाही, हात जोडले नाहीत. गुरुपादप्पांना ते बरं वाटलं आणि त्याच कारणाने वाईटही वाटलं.

भिंतीला लागून पलीकडे हेडक्लार्क संगप्पाची खोली होती. संशय घ्यायला ह्याच्यासारखी सोयीची जागा नव्हती. पण संगप्पा हसला.

"कान लावून बघा की साहेब. तीन टाइपरायटरं खडखडायलेत. माझंच बोलणं मला ऐकू येईना."

गुरुपादप्पांनी खरंच कान लावला. पलीकडे बिडवे फोनवर बोलत होते, ते इकडे कळत नव्हतं. भिंत चोख होती.

राहिला शिपाई चांदपाशा. "दार लागलं की मी लिंबाखाली," तो म्हणाला. "आत पत्र्याखाली कोण भाजून घेईल? अन् खिडकीमागून कुणी यावं म्हणाल, तर मागं गिरणीच्या शेंगांची टरफलं पसरली हाईत. कुत्रं गेलं तरी करकर ऐकू येतंय." गुरुपादप्पा मागे जाऊन टरफलांवर चालून आले. चांदपाशाने लिंबाखालून हात वर करून दाखवला, ऐकू आलं म्हणून.

संध्याकाळी ते गोलाईच्या बाजारपेठेमागच्या गौरम्माच्या खानावळीत जेवायला गेले. आडतीवरची माणसं, तालुक्याहून कामाला आलेले मळ्यांचे दिवाणजी, अशी गर्दी होती. चौकशीवाला साहेब ही बातमी त्यांच्या आधी पोचलेली दिसली, कारण त्यांच्या पाटाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. त्यांना याची सवय होती. तरी भाकरी हातात घेऊन ते नुसतेच बसले.

तेवढ्यात एक किडकिडीत माणूस आत आला. कपाळाला भस्म, खांद्यावर धूळ. त्याला बघताच सगळी पंगत सरकली.

"या अण्णा, बसा, बसा. काय म्हणतंय हापीस?"

गुरुपादप्पांना चक्क हेवा वाटला. पण तो माणूस त्या पंगतीत बसला नाही. सरळ त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"शरणु, साहेब. मी रेवणसिद्ध. रेकॉर्डला असतो, कचेरीच्या पार टोकाला. म्हणलं एकल्या माणसानं एकलं जेवू न्हाई." मग तो आत वळून म्हणाला, "गौरम्मा, साहेबाला कडक भाकर देऊ नगंस. दुधात भिजवून दे."

"दूध कुठलं आणू? म्हशीला प्यायला पाणी न्हाई."

"माझ्या वाटचं दे."

दुधात भिजलेली भाकरी समोर आली. गुरुपादप्पांनी पहिला घास घेतला. कितीक दिवसांत कुणी त्यांच्या खाण्याकडे पाहिलं नव्हतं. गालाची सूज दिसली असेल याला, असं मनाशी म्हणून ते खाली मान घालून जेवले. त्या रात्री लॉजवर त्यांना झोपही चांगली लागली.

३

सकाळी चहाला ते पुन्हा गौरम्माकडेच गेले. मोरीजवळ भिंतीला आरसा टांगला होता. तोंडावर मारायला पाणी मोजकंच, चुळीपुरतं घेतलं आणि आरशात पाहिलं.

सूज नव्हतीच. दोन्ही गाल सारखेच बसलेले.

मग रेवणसिद्धाला दाढेचं कळलं कसं? आणि दाढेचं एक वेळ भाकरी न चावता बसलेलं बघून कळेल. दुधाचं कसं कळावं? नांदेडला डॉक्टर सोडला तर दाढेचं ते एकाच माणसाजवळ बोलले होते, बंद दाराआड, दुहेरी प्लायच्या आत. बिडवे खानावळीत येत नव्हते आणि शिपायाजवळ असल्या गप्पा मारणाऱ्यातले नव्हते.

गुरुपादप्पा बाकावर बसले. फळकुटाच्या आडोशापलीकडे गौरम्माचा स्टो पेटला होता. तो भर्र आवाज, नांदेडच्या घरातला. त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात गौरम्माने चावी सोडली, स्टो फुस्स करून विझला, आणि आडोशापलीकडून स्वच्छ आवाज आला.

"तो नांदेडवाला लई एकलकोंडा दिसतोय बाई. बायको न्हाई का काय?"

चहा घेऊन गौरम्मा बाहेर आली आणि यांचा चेहरा बघून वरमली.

"गौरम्मा, तुम्ही आत्ताच बोलायला लागलात का?"

"न्हाई ओ. भाचीसंगं सकाळधरनं बोलायलोत की," ती म्हणाली. "का?"

गुरुपादप्पांनी चहाला हात लावला नाही. स्टो चालू हाय, ऐकू येईना, थांबा जरा. जन्मभर हे वाक्य ऐकलेल्या माणसाला ते समजायला दोन दिवस लागले, याची त्यांना लाज वाटली. आडोसा कधी आवाज अडवतच नव्हता. अडवत होता तो स्टो.

ते तरातरा कचेरीकडे निघाले.

४

रेकॉर्डचा कोपरा गोदामाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे माणसाचा वावर नव्हता. रेवणसिद्ध एका स्टुलावर बसून गठ्ठा बांधत होता. गुरुपादप्पांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"या साहेब. दाढ कशी हाय?"

गुरुपादप्पांनी वर पाहिलं. सगळ्या कचेरीला किंतानाचं छत होतं, इथे मात्र थेट पत्रा दिसत होता. "हे छत कुठे गेलं?"

"उस्मानाबादेहून रेकॉर्डाचे रॅक आले, ते लई उंच. किंतान आड यायलं म्हणून इथलं काढलं."

 बिडव्यांना बोलावून गुरुपादप्पांनी त्या कोपऱ्यात उभं केलं, आणि वहिदाला साहेबांच्या खोलीत एकटीला बसवून दार लावून घ्यायला सांगितलं. "काय बोलू?" तिने विचारलं होतं. "वाटेल ते. आवाज चढवू नका."

संगप्पाच्या खोलीत टाइपरायटर खडखडत होते, ते इथे पुसट येत होतं. आणि मग वरून, पत्र्याखालून, शेजारी उभं राहून कुणी बोलावं तसा आवाज उतरला.

"माझं नाव वहिदा. मी कुणाला काही सांगितलं न्हाई. कुणी ऐकत असलं तर ऐका."

बिडव्यांच्या तोंडचा रंग उडाला. गुरुपादप्पांनी चांदपाशाला खूण केली. त्याने जाऊन साहेबांच्या खोलीतला कूलर कोरडाच सुरू केला. एक घरघर सुरू झाली आणि तिच्यात वहिदाचा आवाज बुडून गेला.

"भिंत तुमची पक्की आहे," गुरुपादप्पा म्हणाले. "आवाज भिंतीतून जातच नाही. तो वर जातो. किंतान त्याला काय अडवणार? पत्र्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पोकळी आहे, आणि छत उघडं आहे ते फक्त इथे. मधे संगप्पांकडे टाइपरायटर, त्यांना कळणार नाही. इथे मात्र चिडीचूप. तुम्ही मिस्त्रीला उभं करून परीक्षा घेतलीत तेव्हा कूलर चालू होता ना?"

"होता," बिडवे म्हणाले. "ऊन तापलं होतं."

"चैत्रभर होता. तोवर एकाही विहिरीची बातमी फुटली नाही. तुम्ही लोकांची लाज वाटून तो बंद केलात आणि त्याच आठवड्यापासून खोली उघडी पडली."

बिडवे जवळच्या गठ्ठ्यावर बसले. "म्हणजे मीच केलं हे."

"तुम्ही चांगलंच केलंत, साहेब. पण ऐकणारा कुणीतरी लागतो." गुरुपादप्पांना पुढचं बोलायचं नव्हतं, तरी ते बोलले. "काल दाढेचं मी तुमच्या खोलीत बोललो. संध्याकाळी खानावळीत माझ्यासाठी दूध सांगितलं गेलं."

रेवणसिद्धाच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

५

"विकलं न्हाई मी काही," रेवणसिद्ध म्हणाला. "कुणाचा चहाबी घेतला न्हाई. फकस्त बोललो."

"त्या पंगतीत मळ्यांचे दिवाणजी असतात. ठाऊक होतं?"

"होतं. पण ते विचारायचे, साहेब." तो गुरुपादप्पांकडेच बघून बोलत होता, बिडवे तिथे नसल्यासारखे. "उदगीरचा मी. तिथून उस्मानाबाद, जिल्हा फुटला तसं इथं. बायको न्हाई, पोरगा हैदराबादेत. या कोपऱ्यात दिवसदिवस माझं नाव घेऊन कुणी हाक मारत न्हाई. मग एक दिवस वरनं आवाज यायला लागला. वाटलं, सोबत झाली कुणाची तरी. संध्याकाळी जेवताना एक गोष्ट सांगितली, तर लोक सरकले, बसा म्हणाले. दुसऱ्या सोमवारी लोक वाटच बघायलते. एक विहीर गेली तर साहेब दुसरी घेतील, असं मनाला समजावत राहिलो."

"वहिदाबाईंच्या निलंबनाचंही इथूनच ऐकलं असेल."

रेवणसिद्धाने मान खाली घातली. "ऐकलं. ती पोर दुपारी एकलीच डबा खाताना गुणगुणती, तेबी ऐकलं. रोज म्हणलो, उद्या सांगू. सांगितलं की पंगतबी गेली अन् नोकरीबी गेली. धाडस झालं न्हाई."

"आणि नागुबाईचं?"

"कोण नागुबाई?"

नागुबाईचं त्या खोलीत कुणी काही बोललं नव्हतं. ते बिडव्यांनी फोनवर नुसतं ऐकलं होतं आणि पुढे कागदावर होतं. गुरुपादप्पांनी त्याला सांगितलं, जेवढं झालं होतं तेवढंच, कमी नाही आणि वाढवून नाही. बारव, पायरी, कंबर.

"चालंल का ती परत?"

"डॉक्टर नाही म्हणतात."

रेवणसिद्ध उठला. खांद्यावरची धूळ झटकायला गेला आणि हात तसाच खाली आला. "पोरीचं नाव काढा, साहेब," तो म्हणाला. "माझं घाला. बरोबर लिहा, रेवणसिद्ध, रेकॉर्डकीपर."

गुरुपादप्पांनी तसं लिहिलं. त्यांच्या जन्मात त्यांनी पुष्कळ माणसांची नावं लिहिली होती. त्यातल्या कुणीही स्वतःच्या वाटचं दूध त्यांना दिलं नव्हतं. पेन दोनदा अडकलं, पण नाव त्यांनी पुरं केलं. बिडव्यांनी वहिदाच्या निलंबनाचा कागद तिच्यासमोरच फाडला आणि दोन गोष्टी फर्मावल्या. रेकॉर्डचं छत पुन्हा ताणून साहेबांच्या खोलीचं पार्टिशन वर पत्र्याला भिडवायचं, आणि तोवर दार लागलं की कूलर कोरडाच फिरवायचा, पाण्याचा थेंब न घालता. दुपारी संगप्पा आपला डबा घेऊन वहिदाच्या टेबलाशी गेला. ती थोडी सरकून बसली, पण कुणाशी फार बोलली नाही. गुणगुणली तर मुळीच नाही.

नांदेडची गाडी रात्रीची होती. संध्याकाळी गुरुपादप्पा शेवटचं जेवायला खानावळीत गेले. दारात पाऊल टाकलं आणि अख्खी पंगत सरकली.

"या साहेब, या, बसा हितं. काय झालं हापिसात? कोण सापडलं?"

एकाने पाट पुढे ओढला, दुसऱ्याने तांब्या भरून ठेवला. कालपर्यंत यांच्या सावलीला न बसणारी माणसं. सगळे चेहरे त्यांच्याकडे वळलेले, सगळे वाट बघत. गुरुपादप्पा क्षणभर तिथेच थांबले, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना बसावंसं वाटलं. खूप वाटलं. चार शब्द टाकले असते तर रात्र सोबतीत गेली असती. रेवणसिद्धाला रोज संध्याकाळी काय वाटत असेल, ते त्यांना तेव्हा नीट कळलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि भिंतीकडेच्या रिकाम्या पाटावर जाऊन बसले.

पंगत हळूहळू परत जवळ सरकली आणि आपल्या गप्पांना लागली. गौरम्मा आतून वाटी घेऊन आली. दुधात भिजवलेली भाकरी होती.

"अण्णा दुपारीच सांगून गेले," ती म्हणाली. "म्हणले, साहेब आज शेवटचं जेवतील, त्यांना कडक देऊ नगंस. ते स्वतः न्हाई आले जेवायला. का हो, काय झालं त्यांना?"

गुरुपादप्पांनी वाटी जवळ ओढली. शेजारचा पाट मोकळा होता.

"गौरम्मा," ते म्हणाले, "तेवढा स्टो पेटवता का? मी जेवेपर्यंत असू द्या चालू."